बंद ठेवण्याच्या बाजूने

माझा धाकटा भाऊ बारमध्ये कॅप्टन होता. एवढं साधं वाक्य लिहायला मला सत्तरी उलटावी लागली. आमच्या घरात ते कुणी उच्चारतच नसे. पाहुण्यांनी विचारलं की आई म्हणायची, "हॉटेल लाइनमध्ये आहे," आणि लगेच चहा टाकायला उठायची. वडील कोर्टात पेशकार होते, ते तर तेवढंही बोलत नसत. कॅप्टन म्हणजे टेबलाशी उभं राहून ऑर्डर घेणारा, वेटरांवर नजर ठेवणारा आणि कुणाला आता पुरे म्हणायचं ते ओळखणारा माणूस. दहावीला दोनदा आपटून, काही वर्षं इकडंतिकडं काढून तो त्या धंद्यात शिरला आणि तीस वर्षं तिथंच राहिला. तेवढीच वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं, पोरांचे कान पिळले आणि वक्तृत्वात नाव कमावलं. घरातला सगळा मान माझ्या वाट्याला आला आणि तो मी पोटभर घेतला.

आता गंमत बघा. तो बार होता कुठं, तर हैदराबादच्या आमच्याच मराठी मंडळाच्या इमारतीत! काचिगुड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या आधीच्या पिढ्यांनी ती बांधली. वर सभागृह, वाचनालय आणि गणपतीची खोली. तळमजला फार पूर्वी एका खाणावळीला भाड्याने दिलेला. खाणावळीचं रेस्टॉरंट झालं, रेस्टॉरंटचा बार झाला आणि मंडळाने डोळे मिटून घेतले, कारण आमची व्याख्यानमाला आणि बालवाडी त्याच भाड्यावर चालायची. जिने दोन. पुढच्या जिन्याने आम्ही संस्कृती जपायला वर जायचो. व्याख्यान लांबलं की आमच्यातलेच काही जण मागच्या जिन्याने हळूच खाली उतरायचे. मीही उतरलोय. शनिवार, दोन पेग, कोपऱ्यातलं टेबल. धाकटा माझी ऑर्डर घ्यायचा, मला "सर" म्हणायचा आणि मी त्याला ओळख दाखवत नसे. हा नियम मी घालून दिला होता. त्याने तो एकदाही मोडला नाही.

मग टाळेबंदी लागली आणि सगळ्यालाच कुलूप पडलं. उन्हाळ्यात दारूची दुकानं उघडली, पण बार आणि पब बंदच राहिले. त्यावरून जो वाद पेटला म्हणता! टीव्हीवर तेलुगूत, पेपरात इंग्रजीत आणि आमच्या बरकतपुऱ्याच्या कॉलनीच्या ग्रुपवर सगळ्याच भाषांत. देवळं बंद, शाळा बंद, मग बारचेच एवढे लाड कशाला, असं एक टोक. माणूस बाटली घरी आणून बायकापोरांसमोर पितो, त्यापेक्षा बाहेर पिऊन आलेला काय वाईट, असं दुसरं टोक. जुबिली हिल्सचे पबवाले टीव्हीवर येऊन रडून गेले, डॉक्टर येऊन दटावून गेले, कुणी बाई येऊन तरुण पिढीची काळजी करून गेल्या. ट्रे उचलणाऱ्या माणसाला कुणी बोलावलं नाही. माझा भाऊ नल्लकुंट्याच्या दोन खोल्यांत बसून हे सगळं बघत होता. मालकाने सुरुवातीला काहीबाही हातावर ठेवलं, मग "उघडलं की ये" म्हणून फोन घेणंच बंद केलं.

नेमका त्याच पावसाळ्यात मंडळाचा बारशी असलेला करार संपला. मालकाने निरोप धाडला की करार वाढवून द्या, सरकारने परवानगी दिली की मी उघडतो. नाही दिलात तर मी लायसन घेऊन शहराबाहेर जातो आणि तिकडे पब काढतो. माझ्या भावाला त्याने स्पष्टच सांगितलं होतं, "तिथं पोरंपोरी लागतील, सत्तावन्न वर्षांच्या कॅप्टनला मी कुठं उभा करू?" म्हणजे मंडळ हो म्हणालं तर भावाची नोकरी राहणार, नाही म्हणालं तर गेली. इतकं ते सरळ होतं. गुडघे गेलेल्या, दहावी नापास माणसाला त्या वयात कोण ठेवणार होतं?

आमच्या मंडळाची एक जुनी रीत आहे. तिचा आम्हाला फार अभिमान. मंडळ काढणारे बहुतेक वकील, त्यांनी घालून दिलेली. वादाचा विषय आला की नुसतं मतदान करायचं नाही. दोन वक्ते उभे करायचे, प्रत्येकाला दहा मिनिटं द्यायची, आणि कुणी कुठल्या बाजूने बोलायचं ते चिठ्ठी टाकून ठरवायचं. स्वतःचं मत काय ते खुंटीला टांगायचं आणि हातात येईल ती बाजू मांडायची. दोघांचं ऐकून सभासद हात वर करणार, वक्त्यांना मत नाही. बाहेरगावच्या पाहुण्यांना आम्ही हे छाती फुगवून सांगायचो. गणपतीत ऑर्केस्ट्रा ठेवायचा की नाही, वाचनालयात तेलुगू पुस्तकं घ्यायची की नाही, असले प्रश्न आम्ही असेच सोडवले. कुणाचं पोट त्यावर अवलंबून असेल अशी वेळ तोवर आली नव्हती, आणि ती आल्यावर रीत बाजूला ठेवावी असं एकाही शहाण्याला सुचलं नाही. मी कार्यवाह होतो. मलाही सुचलं नाही.

वक्ते मिळेनात. बारच्या बाजूची चिठ्ठी निघाली तर बायकांसमोर दारूची वकिली करावी लागणार, या धास्तीने एकेकाचा घसा बसला. कुणाला खोकला झाला, कुणाचं नेट गेलं. मी तयार होतो. मला विषय लागत नाही, समोर माणसं लागतात. दुसरा वक्ता कोण, म्हणून मी ग्रुपवर विचारलं, तर धाकट्याचं उत्तर आलं, "मी बोलतो." तोही सभासद होता, वडिलांनी दोघांचीही आजीव वर्गणी भरली होती. पण तो वरच्या मजल्यावर कधी आलाच नव्हता. वर वादविवाद रंगायचे तेव्हा तो खाली सोडे फोडत असायचा. त्याला वाटलं, आपण उभं राहायचं आणि आपला बार वाचवायचा. चिठ्ठीची भानगड त्याला ठाऊकच नव्हती.

ती मी त्याला फोनवर समजावून सांगितली. दुसऱ्या दिवशी मास्क लावून, चालत, नल्लकुंट्याहून माझ्या घरी आला. दारातच उभा राहून म्हणाला, "दादा, चिठ्ठ्या तूच लिहितो ना? दोन्हीवर 'चालू' लिही. पहिली मी उचलतो. दुसरी उघडून कोण बघून राहिलंय?"

माझं डोकंच फिरलं. "लाज वाटते का काही?" मी ओरडलो. "बाप कोर्टात होता आपला. मंडळाच्या इतिहासात आजवर चिठ्ठी फिरवलेली नाही."

"इतिहासाला काय करू दादा? मला नोकरी पायजे," तो म्हणाला.

"मग गेटवर उभा राहून माग. मंडळात नियमाने चालतं."

तो दारातूनच परत फिरला. आत ये असंही मी म्हटलं नाही. रोगाची साथ होती, हे कारण सोयीचं होतं.

शनिवारी झूमवर सगळ्यांच्या देखत चिठ्ठ्या काढल्या. स्टीलच्या वाटीत दोन घड्या. त्याच्या घरचं नेट धड चालत नसल्याने तो माझ्याकडेच आला होता, माझ्या शेजारी बसला होता. त्याने उचलली, उघडली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. "बंद." म्हणजे स्वतःचा बार बंद ठेवावा, या बाजूने त्याने बोलायचं. आमचे अध्यक्ष, निवृत्त अधिकारी, पडद्यावर खदखदून हसले. "वा! हीच तर आपल्या परंपरेची मजा आहे," म्हणाले. मला निघाली "चालू." मीटिंग संपली तसा धाकटा माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता रडतोय. तर तो हसत होता.

"दादा, हे तर एकदम बेस्ट झालं! माझी बाजू तुझ्याकडं आली. तू कधी हरतो का? तू जिंक. मी दोन शब्द बोलून गप बसतो."

खरंच की! हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. चिठ्ठी फिरवून त्याने "चालू" घेतलं असतं तर समोर मी उभा राहिलो असतो, आणि मी त्याचं भुसकट केलं असतं, भाऊ असो नाहीतर कुणी. आता मी त्याच्या बाजूने बोलणार होतो. रात्री त्याच्या बायकोचा फोन आला. "भाऊजी, तुमच्यावर सगळं आहे हो," म्हणाली. मी म्हटलं, "निवांत झोपा." मी खूश होतो. फक्त एक गोष्ट बारीक खुपत होती. समोरचा मुद्दाम हरणार म्हणजे माझं जिंकणं फुकटचं. मला जिंकायला कुणाच्या मेहरबानीची गरज पडली नव्हती कधी.

रविवारी सकाळी सभा भरली. पडद्यावर आमची सगळी मंडळी चौकोनाचौकोनांत बसलेली. कुणाच्या मागे देवघर, कुणाच्या मागे वाळत घातलेले कपडे. अध्यक्षांनी मंडळाची पितळी घंटा घरी नेऊन ठेवली होती, ती त्यांनी वाजवली. आधी मी बोललो. सुरेख बोललो, खोटं कशाला सांगू? दुकान उघडं आणि बार बंद हा कुठला न्याय, असं विचारलं. टेबलं लांब ठेवता येतात, माणसं मोजता येतात, नियम लावता येतात, घरात मात्र कुणाचीच नजर नसते, असं मांडलं. शेवटी कामगारांच्या चुलींवर आलो आणि आवाज थोडा ओला केला. चौकोनांतून टाळ्या वाजल्या. एक-दोन बायकांनी डोळे पुसले. धाकटा शेजारी बसून ऐकत होता, मांडीवरचे हात घट्ट धरून. माझं झाल्यावर टेबलाखालून त्याने माझा गुडघा हलकेच दाबला. तेवढ्यापुरतं काम फत्ते झालं होतं.

मग त्याची पाळी आली. त्याने ठरल्याप्रमाणे सुरू केलं. "नमस्कार जी. ते... बार बंद राहिला तर... म्हणजे बरं राहतं. कोरोना आहे ना. मग... हौ. बंदच ठेवा." आणि थांबला. मुद्दाम अडखळत होता की खरंच अडखळत होता, देव जाणे. आवाज बंद करायचं विसरलेल्या कुण्या बाई म्हणाल्या, "सरांचा भाऊ ना हा? अगंबाई, एका घरातले वाटत नाहीत." दुसरा आवाज आला, "वेटर आहे हो तो, त्याला काय जमणार?" आणि सगळे चौकोन हसले. अध्यक्षही हसले आणि म्हणाले, "अहो, अजून नऊ मिनिटं आहेत तुमच्याकडे! काहीतरी बोला, मंडळाची अब्रू राखा."

माझे कान तापले. ते हसू त्याला नव्हतं लागत, तो असल्या हसण्याला तीस वर्षांत सरावला होता. ते मला लागत होतं. माझ्या आडनावाला लागत होतं. हरायचं म्हणजे नुसतं हरायचं ना, हसं कशाला करून घ्यायचं? मी हात पुढे करून आमचा आवाज बंद केला, कॅमेऱ्याकडे बघून हसरा चेहरा ठेवला आणि ओठ न हलवता म्हणालो, "आयुष्यभर लोकांची उष्टी उचललीस, चार वाक्यं उचलता येत नाहीत? तुझ्यामुळे वडील मान खाली घालून गेले. निदान आज तरी माणसासारखं बोल."

वडील मधुमेहाने गेले होते. हे मला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. अध्यक्षांनी दोनदा "हॅलो, ऐकू येतंय का" म्हटलं. मग त्याने मास्क काढून टेबलावर ठेवला, स्वतःच बटण दाबून आवाज चालू केला आणि बोलू लागला. माझ्याशी बोलायचा त्याच भाषेत, अर्धी मराठी, अर्धी दखनी.

"मला भाषण येत नाही. जे बघितलं ते बोलतो. दादा बोलले, टेबलं लांब ठेवता येतात. हौ, ठेवता येतात. पहिल्या पेगला माणूस लांबच बसतो. दुसऱ्याला खुर्ची ओढतो. तिसऱ्याला गळ्यात हात टाकतो. त्याला मी काय सांगू, सर, सहा फूट? तो मला शिव्या घालतो, नाहीतर माझाच गळा धरून रडतो. आणि मास्क लावून कोण पितो जी?"

कुणीतरी हसलं, पण या वेळी वेगळं.

"आमच्या हॉलला खिडकी नाही. होती, चार होत्या. तुम्ही वर भजन करत होते, खालचा गोंधळ वर येतो म्हणून मंडळानेच कागद दिला, मालकाने विटा लावून टाकल्या. आता आत एकाचा श्वास सगळ्यांच्या नाकात. ग्लास कमी, गिऱ्हाईक जास्त. गर्दीत ग्लास धुत नाहीत, बादलीत बुचकळतात. तेच पाणी संध्याकाळभर. शेंगदाण्याची वाटी एका टेबलवर उरली की दुसऱ्या टेबलला जाते. मीच पाठवतो. कॅप्टन आहे ना मी."

आता पडद्यावर कुणी हलत नव्हतं. मी त्याच्या पायाला माझा पाय लावला. बस, असं सांगायला. त्याने पाय काढून घेतला.

"आमचा एक वेटर होता. बंद व्हायच्या आधीच्या हप्त्यात त्याला ताप आला, खोकला आला. मालक म्हणाला, गोळी दे आणि टेबलवर पाठव, शनिवार आहे. मी गोळी दिली. पाठवला. तो खोकून राहिला होता आणि मी त्याला म्हटलं, तोंड तिकडं कर. आठ-दहा दिवसांनी तो गेला. कशाने गेला, मला डॉक्टरने नाही सांगितलं. त्याची बायको मला अजून भाऊ म्हणते. बार परत उघडला आणि मालकाने परत तसंच म्हटलं, तर मी काय करीन? मला नोकरी पायजे. मी परत पाठवीन. म्हणून बोलतो, उघडूच नका. उघडलं तर मी चांगला राहणार नाही."

घंटा वाजली. अध्यक्षांच्या हातून चुकून वाजली असावी, वेळ संपली नव्हती. तो तरी थांबला नाही.

"तुमच्यातले कोण कोण खाली येतात, ते मी कधी बोललो नाही, आज पण बोलत नाही. जिन्यावर हात मीच धरला आहे. सगळे म्हातारे आहेत. घरी बसा जी. जिते रहा."

आणि त्याने हात जोडले.

मी चाळीस वर्षं भाषणं केली, हजारभर ऐकली, पोरांकडून पाठ करून घेतली. तसं भाषण मी कधी केलं नाही आणि तोवर ऐकलंही नव्हतं. मत मागितलं तेव्हा झूमवरचे ते पिवळे पिवळे हात एकामागून एक वर येत गेले. बंद ठेवण्याच्या बाजूने सगळे. "चालू"च्या बाजूने एकही नाही, माझं भाषण ऐकून डोळे पुसणाऱ्या बायकांचासुद्धा नाही. शनिवारी मागच्या जिन्याने उतरणारे तर सगळ्यांत आधी हात वर करून बसले. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "स्वतःच्या पोटावर पाय देऊन सत्य बोलणारा माणूस आपल्या मंडळात आहे, ही आपली पुण्याई." त्या पोटाचं पुढे काय, हे कुणी विचारलं नाही. मी कार्यवाह म्हणून ठराव लिहून घेतला. करार वाढवू नये, एकमताने संमत.

मी लॅपटॉप मिटला. तो एकदम घाबऱ्या आवाजात म्हणाला, "दादा, मी हे काय केलं?"

मला त्याच्या खांद्यावर हात ठेवता आला असता. शप्पथ सांगतो, मनात राग होता. मी हरलो होतो. दहावी नापास माणसाकडून, सगळ्या हैदराबादच्या मराठी मंडळींसमोर. मी म्हटलं, "तूच ठरवलं होतंस ना गप्प बसायचं? मग बसायचं होतंस." तो मास्क लावून निघून गेला. त्याच्या बायकोचा फोन वाजत होता, तो मी उचलला नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण सभा रेकॉर्ड झाली होती आणि कुण्या उत्साही सभासदाने त्याच्या भाषणाचा तुकडा ग्रुपवर टाकला. "बारच्या कॅप्टनने उघडले डोळे" असं वर लिहून. लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. तिथून तो तुकडा दुसऱ्या ग्रुपवर, तिथून तिसऱ्यावर गेला. कुणी खाली तेलुगूत मजकूर लिहिला. मालकापर्यंत पोचायला दोन दिवस लागले नाहीत. त्याने भावाला फोन करून एकच विचारलं, "माझं मीठ खाऊन माझ्याच बादलीत थुंकलास?" आणि ठेवून दिला. पावसाळा सरता सरता सरकारने बार उघडायला परवानगी दिली. शहरभर उघडले. आमच्या तळमजल्यावरचा सोडून. धाकटा अंबरपेटपासून दिलसुखनगरपर्यंत एकेक बार पायी हिंडला. सगळीकडे त्याचं भाषण आधीच पोचलं होतं. एका ठिकाणी तर काउंटरवरच्या माणसाने फोनवर तो तुकडा लावला आणि त्याच्यासमोर धरला. "हा तूच ना अन्ना?" म्हणून विचारलं. सगळे वेटर गोळा होऊन हसले.

तळमजला मंडळाने कोचिंग क्लासला दिला. तिथं वॉचमन हवा होता. भावाने मला सांगितलं, "दादा, बसून करायचं काम आहे, गुडघ्याला सोपं. तू बोल ना." मी कार्यकारिणीत विषय मांडला. मांडला म्हणजे शेवटी, चहाच्या वेळी. अध्यक्ष दचकलेच. "छे छे! एवढा मोठा वक्ता आपला, त्याला गेटवर स्टुलावर बसवायचं? लोक काय म्हणतील मंडळाला?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. मंडळात जाता-येता रोज त्याचा सलाम घ्यावा लागला असता, आणि आता ओळख दाखवायची की नाही, हा प्रश्न पडला असता. त्याऐवजी त्याला एक प्रशस्तिपत्र द्यायचं ठरलं. मजकूर मी लिहिला. चांगला लिहिला.

ते द्यायला मी थंडीत एके दिवशी नल्लकुंट्याला गेलो. त्याची बायको घरी नव्हती. ती आता दोन घरी स्वयंपाकाला जात होती, त्यातलं एक घर अध्यक्षांचं. "काकू फार मायाळू आहेत," असं तिने मला आधी फोनवर सांगितलं होतं. धाकटा पलंगावर पाय पसरून बसला होता, गुडघ्यांना तेल लावून. मला बघून उठायची धडपड करू लागला. मी बस म्हटलं. प्रशस्तिपत्र त्याने दोन्ही हातांनी घेतलं. मराठी वाचायची सवय सुटलेली, त्यामुळे बोट फिरवत, अक्षर लावत लावत वाचलं. पहिल्या दोन ओळींनंतर सोडून दिलं आणि उशाशी ठेवलं.

माझी तयारी होती. तो म्हणणार, तू मला टोमणा मारला नसतास तर मी गप्प बसलो असतो. तो म्हणणार, तुझ्या नियमाने मला खाल्लं. त्यावर काय उत्तर द्यायचं ते मी वाटेत रिक्षात जुळवून ठेवलं होतं. मुद्देसूद. तो तसलं काहीच बोलला नाही. जरा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग खिडकीकडे बघत, लाजल्यासारखं हसत म्हणाला, "दादा, एक विचारू? खरं सांग हां. मी चांगला बोललो ना त्या दिवशी?"

सत्तावन्न वर्षांत त्याने माझ्याकडे मागितलेलं पहिलं असं काही. नोकरी मागितली नव्हती त्या घटकेला, पैसे मागितले नव्हते. दुसऱ्यांच्या पोरांना मी असली शाबासकी खिरापतीसारखी वाटली आहे. तू माझ्यापेक्षा चांगला बोललास, एवढंच म्हणायचं होतं. ते खरं होतं, आणि ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. माझी जीभ नाही उचलली.

मी म्हटलं, "ठीक होतं. मुद्दे विस्कळीत होते. आणि मराठी फारच अशुद्ध रे तुझं."

"हौ दादा," तो म्हणाला, "ते तर आहेच." आणि गुडघ्यावर हात देऊन, माझ्यासाठी चहा टाकायला उठला.